खांब क्रमांक चौदा

नव्वद किलोमीटरवर सोडियमचा एक विरळ थर असतो.
मिठातलाच तो, पण मोकळा,
जळून गेलेल्या उल्कांनी मागे ठेवलेला.
फुगा तिथवर पोचत नाही, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास फुटतो.
उपग्रहाला तिथे राहता येत नाही.
रॉकेट जातं, चार मिनिटं थांबतं, परततं,
लग्नघरी आहेर देऊन न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखं.

मला तोच मजला मिळाला. पाषाण, एक्याऐंशी साल,
प्रयोगशाळेची गच्ची, चपलेला चिकटणारं डांबर.
"मान्सून घ्या, वाळिंबेबाई," सर म्हणाले,
"पावसाबद्दल मंत्रीसुद्धा विचारतात."
मी आडमुठी. म्हटलं, मधलंच कुणी बघत नाही ना,
मग मी बघते.

यंत्र म्हणजे एक नळी, एक भिंग, एक फिल्टर,
आणि प्रकाश कण-कण मोजणारी काच, जिला गारवा लागे.
बर्फ फाट्यावरच्या रसवंतीतून.
पावती पाहून हिशेबनीस दर महिन्याला तोच प्रश्न विचारी,
आणि मी दर महिन्याला तेच उत्तर देई: नाही, रस नाही प्यायले.

काम काळोखाचं. चंद्र नको.
सोसायटीत कुजबुज झाली,
बाई नेमक्या अवसेलाच रात्रीच्या बाहेर पडतात.
आईनं दाराला लिंबू बांधलं. कुणापासून, ते सांगितलं नाही.

पंच्याऐंशीत रस्त्यावर खांब आला, क्रमांक चौदा,
त्यावर सोडियमचा दिवा.
पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर.
वरचा पिवळाही तोच.
नगरपालिका आणि उल्का, यंत्राला फरक कळेना.
मी अर्ज केला. अर्जाला क्रमांक मिळाला, मग क्रमांकाला अर्ज.

मग एका संध्याकाळी शिडी सायकलला बांधून याकूब तांबोळी आला.
"अर्ज राहू द्या. कोणत्या रात्री विझवायचा तेवढं बोला."
मी पंचांग पुढे केलं.
तो हसला, "चंद्राचं आम्हाला काय सांगता बाई,
आमचं सगळं साल त्याच्यावर चालतं."

अठरा वर्षं.
मी कधी फोन केला नाही, त्यानं कधी विचारलं नाही.
साडेसातला चौदा नंबर विझायचा,
आणि कागदावर सुई
हळूहळू आपल्या उंचीवर यायची.

एकदा तो गच्चीवर आला. रेघ पाहिली.
"एवढंच?"
"एवढंच."
बराच वेळ बघत बसला मग. जांभई दिली नाही.

रेघांतून निघालं ते असं:
खाली ताप चढतोय आणि वर काकडतंय,
माझ्या आकड्यांत, दशकाला दीड अंशानं.
परीक्षकानं लिहिलं, शहराच्या उजेडात
अशी मोजमापं विश्वासार्ह कशी?
लेखाच्या शेवटी मी तांबोळीचे आभार मानले होते.
संपादकांनी विचारलं, यांची संस्था कोणती?
मी कळवलं: दिवाबत्ती विभाग.

पुढे बाणेर उजळलं. मग सूस. मग टेकडीचीही कड दिसेना.
चौदा नंबरवर पांढरा दिवा आला,
आपला आपण लागणारा, आपला आपण विझणारा,
शिडी नको, माणूस नको.
माझी सुई वरच्या टोकाला टेकली ती खाली येईना.
निरोपाला शाल, नारळ,
आणि माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेली चांदीची थाळी.

आता मंगळवारी जाते. अडतीस खोकी गुंडाळ्या,
प्रथमेश नावाचा मुलगा त्या संगणकात भरतो.
काल त्यानं बोलावलं.
"मॅडम, एक्क्याण्णव, डिसेंबर, रात्री दोन दहा.
ही अचानक उडी. उल्का असेल का?
की गोंगाट म्हणून काढून टाकू?"

मी चष्मा पुसला. ती थंडी आठवली.
कठड्याला टेकून त्यानं बिडी पेटवली होती,
मी ओरडले, आणि त्यानं काडी
तळहातानंच विझवली होती.

"राहू दे," मी म्हटलं.
"नोंद खरी आहे.
उंची तेवढी चुकली."