पासंग

सॅक माळ्यावर टाकून एकोणीस दिवस झाले.
पाठ अजून ते वजन शोधते.
जिन्यात वळताना मी जरा तिरकी होते,
भिंतीला घासू नये म्हणून.
घासायला मागे काही नसतंच.

ऐरोली, सेक्टर सात, दुसरा मजला.
पत्ता सांगताना अडखळत नाही.
रात्री तीनला जाग येते तेव्हा मात्र
दार कुठल्या अंगाला आहे ते आठवावं लागतं.
ओशमध्ये पायाशी होतं, खोरोगला डोक्यामागे,
कुरणावरच्या त्या तंबूत दार नव्हतंच,
नमद्याचा जाड पडदा, आणि पलीकडे
रात्रभर खोकणारी एक म्हातारी घोडी.
इथे दार उजवीकडे.
बावीस वर्षं उजवीकडेच होतं.

फोनवर अजून काराकोलचं हवामान: उणे चार.
खिडकीत खाडीचा वास,
त्यात रबाळ्याकडून येणारं काहीतरी गोडसर.

गॅसचं कनेक्शन बंद पडलेलं.
अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळ जागा.
मी लिहिलं: बाहेरगावी.
अर्धी ओळ उरली.

करगुटकर सोसायटीची थकबाकी घेऊन आले.
‘मग, कसं झालं फिरणं?’
त्यांनी एक चप्पल काढली होती.
दुसरी काढेपर्यंत संपेल असं उत्तर
आता माझ्याकडे तयार असतं:
छान. थंडी फार. खायचे हाल नाही झाले.

कपाटात सोळा वाट्या.
कुणाच्या एवढ्या?
चौतीस कुर्ते. उघडलं की
आधी इथे राहणाऱ्या बाईची माफी मागावीशी वाटते.
मी दोनच घालते, आलटून पालटून.
रोज रात्री एक धुते,
टॉवेलात गुंडाळून, त्यावर उभी राहून पिळते,
गजाला बांधलेल्या दोरीवर टाकते.
‘मशीन कशाला घेतलंयस गं?’ विनता म्हणाली.
मग जरा वेळाने, हळू आवाजात,
‘बरी आहेस ना?’
रविवारी खाडीत रोहित बघायला बोटीने जाऊ म्हणत होती.
पुढच्या आठवड्यात, म्हटलं.
तेरा महिने मी कशालाच
पुढच्या आठवड्यात म्हटलं नव्हतं.

दिवागावच्या वळणावर हिरूबाई बसते.
‘कंदी आयलीस गो?’
एवढंच. कुठून, ते नाही.
मेथीचे पैसे दिले तर तिने त्यातलं एक नाणं
उन्हाकडे धरलं, दातांत धरलं, परत केलं.
‘यो नाय चालाचा.’
पाच सोमचं होतं ते. पाकिटात राहून गेलेलं.
‘ठेव तुला,’ म्हटलं.
काय करणार होती ती त्याचं.
मी तरी काय करणार होते.

आई म्हणायची,
अमकी तमकीच्या पासंगालाही पुरणार नाही.
लहानपणी मला वाटायचं
पासंग म्हणजे कुठलंतरी लांबचं गाव असावं,
तिथे पोचायला माणसं पुरत नाहीत.

आज हिरूबाईचा वजनाचा काटा बिघडलेला,
जुना तराजू बाहेर काढलेला.
डावं पारडं हलकं, म्हणून खाली
चिंधीत खडा बांधायची ती.
खड्याच्या जागी आज काहीतरी चमकलं.
नाणं. सुतळीचे तीन वेढे आणि एक गाठ.
तिने रिकामा तराजू माझ्यासमोर उचलला.
काटा मधोमध येऊन थरथरला, थांबला.
‘आता बघ. कुनाचा पाप नाय लागाचा.’

मी बघत राहिले.
मागच्या बाईने कोपर लावलं:
घ्यायचंय का तुम्हाला?
पाव किलो घेवडा, मी म्हटलं.
तो ओशच्या बाजारातल्या पाच सोमसकट
अगदी बरोबर पाव किलो भरला.

जिन्यात वळताना तिरकी झालेच.
घेवडा निवडायला बसले.
चार शेंगा किडक्या निघाल्या,
उद्या सांगायला हवं तिला.