पोच

वार्डोत नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो,
आणि मला बोलावणी वाढतात.
दिवसा मी मासळीच्या कारखान्यात बर्फाची यंत्रं सांभाळतो,
संध्याकाळी लोकांचे कॉम्प्युटर.
संध्याकाळ म्हणजे घड्याळ सांगेल ती.

सोल्ब्यर्गबाईंचा फोन तक्रारीचा नव्हता, शंकेचा होता.
"पत्र जात नाही," म्हणाल्या,
"का मीच जाऊ देत नाहीये?"

स्वयंपाकघरात, कॉफीच्या किटलीला खेटून, तो जुना खोका.
की-बोर्डच्या फटींत पीठ.
पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी ढाल लुकलुकत होती,
पुतण्यानं ईस्टरला येऊन बसवलेली, फुकट,
आणि तेव्हापासून कुणी तिच्याशी बोललेलं नव्हतं.

आउटबॉक्समध्ये एकच पत्र. ठळक अक्षरांत.
अठरा दिवसांपूर्वीचं.
'पाठवा' दाबलं की निळी पट्टी सरकायची,
अगदी टोकाशी जाऊन अडायची,
मग एक लांबलचक आकडा, आणि 'सर्व्हरकडून उत्तर नाही'.
दहा मिनिटांनी पुन्हा. आपोआप. पुन्हा.

मी पत्र वाचलं नाही.
पण पडदा मोठा, पत्र छोटं:
आर्नुल्फ, बाबांची बोट मी तुला न विचारता विकली. चुकलं.
एवढंच. खाली नाव.

"एकोणीस वर्षं," बाई म्हणाल्या. कोरडी बशी पुसत होत्या.
"तो तिकडे ओलेसुन्दला. मी इथे.
त्यालाही पोच नाहीच म्हणा.
बाबांना मातीत ठेवलं तेव्हा
रबरी बूट घालून आला होता."

वायर पाहिली. पासवर्ड पाहिला.
मॉडेमला उगाच थोपटलं, तेवढं मी सगळ्यांकडे करतो.
मग ढालीच्या पोटात शिरलो, चार पडदे खाली,
जिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं:
जाणारी पत्रं तपासा. येणारी पत्रं तपासा.
दोन्ही चौकटींतल्या खुणा काढल्या.
यंत्र बंद. यंत्र सुरू. कॉफी.

पट्टी सरकली. टोकाशी थांबली नाही.
आउटबॉक्स रिकामा,
आणि त्याच दमात आत तीन पत्रं आली,
दारात रांगेनं उभी असल्यासारखी.

पहिलं, सतरा दिवसांपूर्वीचं: ठीक आहे.
दुसरं: मिळालं. ठीक आहे म्हटलं ना.
तिसरं, आज सकाळचं:
सोल्ब्यर्ग, आतापर्यंत तीनशे अकरा वेळा आलंय, मी मोजतोय.
बोट मला नकोच होती. मला बोट लागते, विसरलीस?
तू विचारलं नाहीस, एवढंच होतं.
आता थांबव.

बाईंनी बशी खाली ठेवली.
चष्मा काढला, परत लावला, आकडा पुन्हा वाचला.

मी समजावत बसलो, मला समजावायची खोड आहे:
पत्र दर वेळी जात होतं, बाई.
पलीकडचा दर वेळी म्हणत होता, 'मिळालं'.
तो एक शब्द ढालीनं हातात धरला,
उलटा केला, सुलटा केला, वास घेतला,
इतका वेळ, की आतल्यानं समजून घेतलं
कुणी ऐकलंच नाही.
मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.
कुंपणानं शेत खाल्लं नव्हतं.
पोच तेवढी खाल्ली होती.

"आणि चोर आले तर?"
फाइल उघडताना ढाल बघेलच, मी म्हटलं.
फक्त पोस्टमनला उंबऱ्यात झडती देत उभं करणार नाही.

पैसे त्यांनी दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.
वाळवलेला कॉड दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी बूट घालेपर्यंत त्या खुर्चीत बसल्या होत्या,
नवं कोरं पान उघडून.
'आर्नुल्फ' लिहिलं, स्वल्पविराम दिला.
बोटं पिठावरच थांबली.

"हे एकदाच जाईल ना?"

एकदाच, मी म्हटलं.

"मग नीट लिहायला हवं."