चार जीबीपाशी

इतवारीतलं दुकान, कुलरची घरघर,
रात्री पावणेबाराला तिसऱ्यांदा अडलं:
चार जीबी. पुढे सरकेना.
जागा तर दोनशे शिल्लक.

"डिस्क जुन्या वळणाची," पराते म्हणाला,
"एवढाच घास मावतो तिच्या तोंडात.
फॉरमॅट मार, नाहीतर तुकडे पाड."

फॉरमॅट नको.
आत बाबा आहेत, लुनावर, हसताना. दुसरी कॉपी नाही.

मग तुकडे पाडले. अकरा.
दंडारीच्या सगळ्या कॅसेटी त्यांत.
चौथ्याच्या शेवटी सोनबा नेवारे
नुसते खाकरले असतील;
गाणं पाचव्यात.

एकटा कुठलाच उघडत नाही.
आणि मधला एक गेला तर…

पराते शटर अर्धं ओढून उभा.
"काहून बसला बे अजून?"

मी मोजतोय. दहाच भरतात.
पुन्हा मोजतो.
अकरा.