पस्तावा

इझमितहून आलेला डबा
शेठनं इतवारीत, भट्टीशेजारी उघडला:
पांढरा गुंता, लोकरीसारखा.
"नावाचा अर्थ म्हणे पस्तावा.
जमते का, सेवकराम?"

गोळीबार चौकातला माग
भंगारात देऊन त्याला सतरा वर्षं झाली.

पाकाचं कडं, चौघं गोल बसलेले,
मध्ये तुपात भाजलेला मैदा.
ओढा. आठाचा आकडा. दुमडा. पुन्हा ओढा.
दोन, चार, आठ, सोळा...
चार हजार शहाण्णववर तो मोजणं सोडतो,
बोटं सोडत नाहीत.

सूत तुटलं तर गाठ मारता यायची.
इथं फक्त भुरभुरायचा मैदा.

"सोनपापडीचा भाऊच हा," शेठ बोट चाटतात.
सेवकराम पुंजका ट्यूबलाइटकडे धरतो,
नखानं धागे फाकवतो.
"नुसता ताणाच हाय, शेठ. बाणा कुठी?"