परवा

चहाचं पाणी उकळायच्या आत
अकरा वर्षं संपली.
मर्डॉक लेडलॉला कप सापडेपर्यंत
किवी डॉलर येनवर चढला, आपटला, उठला,
क्राइस्टचर्च हादरलं, सावरलं,
आणि पडद्यावर उरली एक निळी रेघ,
डावीकडून उजवीकडे अशी चढत गेलेली
की रेलिंग धरून वर जावं.

ब्लफ. न्यूझीलंडचं खालचं टोक.
खिडकीबाहेर ऑयस्टरच्या बोटी,
आणि वारा असा, की झाडंसुद्धा एकाच बाजूला रेललेली.
चाळीस वर्षं त्याने या बोटींची इंजिनं उघडली.
आता गुडघे गेले,
म्हणून प्रोग्रॅम.

रेघ काही पहिल्या फटक्यात आली नव्हती.
वीस दिवसांची सरासरी घेतली, बुडाला.
पन्नासची घेतली, सावकाश बुडाला.
चार हजार एकशे बारा वेळा कान पिळला
तेव्हा कुठे त्रेचाळीस आणि एकशे सदतीस या आकड्यांवर
भूतकाळ कबूल झाला.

नायरी, त्याची बायको, शाळेत गणित शिकवायची.
तिने रेघ पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
"पेपर फुटल्यावर सोडवलास,
आणि तपासलासही तूच."

टामाटी डझनभर ऑयस्टर घेऊन आला होता,
तोही वाकून बघत राहिला.
"एवढा शांत समुद्र," म्हणाला,
"मी तरी पाहिला नाही."

मग जूनपासून डेमो खातं.
पैसे खोटे, भाव खरे.
जुना लॅपटॉप वॉशिंग मशीनवर,
कारण दुसरा प्लग नाही.
इथे एका मिनिटाला एक मिनिट लागतं.
मंगळवार हवा असेल
तर सोमवार अख्खा काढावा लागतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आमच्यात म्हणतात.
पण पुढे चालणारं कुणी हवं ना!
सोमवार इथे जवळजवळ सगळ्यांआधी उजाडतो:
न्यूयॉर्क अजून रविवारात, लंडन अंथरुणात,
बाजारात चार टाळकी,
आणि घेणाऱ्या-विकणाऱ्यांमधली फट इतकी
की पाय अडकावा.
बॅकटेस्टमध्ये ती दोन पिप्स होती. कायम दोन.
त्यानेच तसं लिहिलं होतं.

नवव्या सोमवारी प्रोग्रॅमने खरेदी केली,
सांगितल्या वेळी,
न सांगितलेल्या भावाला.
मग येन उठला आणि उठतच गेला.
बुधवारी रात्री तीन वाजता मर्डॉक
अनवाणी, गारठलेल्या फरशीवर,
खोट्या पैशांपायी
कपाळावर खरा घाम.
त्याने सौदा हाताने बंद केला.

शुक्रवारी भाव होता तिथे परत आला.
प्रोग्रॅमला ते ठाऊक होतं असं नाही.
तो फक्त थांबला असता.

इंजिनांसाठी होती तशीच वही:
तारीख, बिघाड, कारण.
कारणाखाली लिहिलं, स्प्रेड.
खोडलं. लिहिलं, स्लिपेज.
तेही खोडलं, आणि उरलेल्या इवल्या जागेत
स्वतःचं नाव, स्पेलिंगसकट नीट.

हे लिहिताना मला एक शब्द छळतोय
जो मर्डॉकला कसा सांगावा कळत नाही.
परवा.
आमच्याकडे तो मागेही असतो, पुढेही.
क्रियापद येईपर्यंत पत्ता लागत नाही.
परवा भाव वर
इथवर दोन्ही चाचण्या सारख्याच दिसतात.

सोमवार. दिवस पहिला, पुन्हा.
त्रेचाळीस आणि एकशे सदतीसला त्याने हात लावलेला नाही,
लावावासा खूप वाटतोय.
मशीन कपडे पिळायला लागलं,
लॅपटॉप थडथडत कडेकडे सरकतोय.
नायरी येते, काही न बोलता
त्याखाली टॉवेलची घडी सारते,
आणि जाताना एकदा,
चष्म्याशिवाय,
पडद्याकडे बघते.