दुसरं टोक

जबल जैसच्या कठड्याशी गाडी लावली
तेव्हा पाच वाजून गेले होते. शुक्रवार.
टेकमान गुरुङ, आमच्या साइटवरचा प्लंबर,
डबा मांडीत धरून शेजारी.

खाली नुसते तपकिरी डोंगर,
एक शेळी,
आणि समुद्र असावा असा धुरकट पट्टा.

मी मोबाइल काढून दाखवला
सारंगकोटवरून टिपलेला माछापुच्छ्रे :
पहाटे चारला उठून, तिकीट काढून
ढगांनी दिलेली ती साताठ मिनिटं.

त्याने फोटो चिमटीत मोठा केला, लहान केला.
"ही पाहुण्यांची बाजू," म्हणाला.
"आमच्या परसातून दोन टोकं दिसतात.
माशाची शेपटीच. तुम्हाला एकच दिसलं."

सहा वर्षं घरी गेलेला नाही.
"त्याच्यावर कुणी चढत नाही, साहेब.
देवाच्या डोक्यावर पाय कसा द्यायचा?"
इथे लिफ्ट सुरू होईस्तोवर
रोज एकोणीस मजले चढतो.

मग खाली उतरून, धुळीने माखलेल्या काचेवर
त्याने बोट फिरवलं :
वर, जरा खाली, पुन्हा वर.

परतीच्या वळणांवर
मी वायपर लावला नाही.
रस्ता कसाबसा दिसत होता,
तो त्या रेघेतूनच.