घर ओढण्याची रीत

रात्री अडीचला, घरात कुणी जागं नसताना,
एर्सिरा मान्सीयाच्या स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर
आपणहून उठला.

चिलोएच्या या टोकाला इंटरनेट मापाने मिळतं,
महिन्याला दहा जीबी. पुढे अंधार.
ती ते मिठासारखं वापरते:
रविवारी दक्षिणेतल्या मुलाशी वीस मिनिटं,
तीही चेहरा झाकून, नुसता आवाज,
आणि महिनाअखेर बियाणे खात्याला एक फाइल.
त्या एका रात्रीत साडेसहा जीबी
चाटूनपुसून गेले.

सकाळी पडदाभर निळा रंग
आणि एक लाघवी वाक्य,
रुसलेल्या जावयाशी बोलावं तसं:
'नमस्कार. सगळं जिथल्या तिथे आहे.'

एकशे चौदा जातींच्या बटाट्यांची यादी जिथल्या तिथे नव्हती.
वजनकाट्याचा प्रोग्रॅम,
एलिसेओने जाण्याआधी दोन हिवाळे खपून लिहिलेला,
'या आवृत्तीवर चालत नाही' म्हणे.
कोण म्हणे, ते विचारायची सोय नव्हती.
उजव्या कोपऱ्यात मात्र न मागता हवामान आलं होतं:
पाऊस.
तिने खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन.

मला निरोप मिळेपर्यंत आठवडा गेला.
आचाओहून दुपारच्या बोटीने पोचलो,
खिशात पेन ड्राइव्ह, पायात ओले बूट.
तिने आधी चहा दिला, मग विचारलं,
'मी हो कधी म्हटलं?'
एक चौकट आली असेल, मी म्हणालो,
तुम्ही फुलीवर दाबून ती घालवली असेल.
'घालवली.'
तेच त्यांनी हो धरलं.

ती कपात बघत राहिली.
'फुली म्हणजे हो,
हे कुठल्या शाळेत शिकवतात रे?'

मग म्हणाली, हे घर इथलं नाही.
खाली होतं, किनाऱ्याला.
भूकंपानंतर समुद्र अंगणात येऊन बसायला लागला
तेव्हा बापाने घर वर न्यायचं ठरवलं.
अख्खं घर. भिंती, छप्पर, पाळण्यासकट.
तीन आठवडे तो दारोदार हिंडला,
टोपी हातात धरून: येता का? बैल देता का?
तुमच्या शेतातून नेलं तर चालेल का?
चुलीचं धुराडं उतरवलं, काचा काढून गवतात ठेवल्या,
खाली ओंडके, पुढे बैलांच्या नऊ जोड्या,
आणि ओरडायला सगळा गाव.
'मी आत होते. आईने कळू दिलं नाही कुणाला.
खिडकीतून झाडं चालताना दिसत होती.'

एकीनेच नाही म्हटलं.
विधवा ओतिलिया, तिचं शेत नेमकं मधे.
कारण तिने सांगितलं नाही,
बापाने विचारलं नाही.
घर वळसा घालून गेलं. एक दिवस जास्त लागला.
रात्री रश्शाच्या पातेल्याशी
पहिला वाडगा ओतिलियालाच दिला.

मी जुनी आवृत्ती परत आणत बसलो.
दहा दिवसांच्या आत परतता येतं. आज नववा होता.
पाच वाजता काट्याचा प्रोग्रॅम उघडला,
एलिसेओच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.
तिने एक जांभळा बटाटा ठेवला: एकशे आठ ग्रॅम.
काढला, परत ठेवला. एकशे आठ.
नाक पुसलं, आणि मला म्हणाली, बोट चुकेल तुझी.

तेवढ्यात कोपऱ्यात चौकट उगवली:
'आत्ता, की आज रात्री?'
तिसरं बटण नव्हतं.
तिने वाकून भिंतीतली वायरच उपटली.

धक्क्याकडे उतरताना
पायवाट सरळ येते, आणि मधेच,
ना झाड, ना खडक,
उगाच डावीकडे वळते.
रोज चाललो होतो मी त्या वळणाने.
आज शेताच्या कडेकडेने,
जरा जपून.